सोलापूरची काळी माती रेअर अर्थ नेमके कुठे धरते?

आपली खोल काळी जमीन रेअर अर्थ मूलद्रव्यं (लँथॅनम आणि त्याच्या कुळातले धातू) धरून ठेवू शकते का? हो, आणि भरपूर. पण तेवढ्यावरून ती मूलद्रव्यं तिच्यात आहेत किंवा तिच्यातून काढता येतील, असं ठरत नाही. सोलापुरातल्या महाविद्यालयांत प्रकल्पासाठी काळी माती, लँथॅनम नायट्रेटची बाटली आणि ‘९८ टक्के अधिशोषण’ (म्हणजे एवढा लँथॅनम कणांच्या पृष्ठावर धरला गेला) हा ठरलेला निष्कर्ष असं त्रिकूट दर वर्षी दिसतं. हा ९८ चा आकडा एकट्याने काहीच सांगत नाही. लँथॅनम मातीच्या कणाच्या सपाट अंगावर बसलाय की कडेला, हे कळलं तरच तो आकडा कामाचा.

आधी माती. मंगळवेढा, मोहोळ, पंढरपूर पट्ट्यातली भारी जमीन दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन तयार झाली आहे. ती निम्म्याहून अधिक क्ले (चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण) असते आणि त्या क्लेत मुख्य खनिज स्मेक्टाइट, मॉन्टमोरिलोनाइट आणि बायडेलाइट यांच्या मधल्या बांध्याचं. स्मेक्टाइटचा एक थर म्हणजे सिलिकाचे दोन पत्रे आणि त्यांच्या मधोमध अ‍ॅल्युमिनाचा एक. असे थर भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक रचलेले असतात. भाकरीचा पापुद्रा आणि भाकरीचा काठ यांत जेवढा फरक, तेवढाच इथे सपाट पृष्ठ आणि कड यांत आहे.

सपाट पृष्ठावर कायमचा ऋण भार असतो, कारण थराच्या आत काही ठिकाणी अ‍ॅल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम आणि सिलिकॉनच्या जागी अ‍ॅल्युमिनियम बसलेलं असतं. पीएच बदलला तरी हा भार बदलत नाही. तो फेडायला थरांच्या मधे कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम येऊन बसतात. लँथॅनमसारखा तीन धन भारांचा आयन आला की यांना ढकलून तो जागा घेतो, पण अंगाभोवतालचं पाणी न सोडता. हलक्या लँथॅनाइड आयनांभोवती पाण्याचे साधारण ९ रेणू असतात, जड आयनांभोवती ८. पाण्याचा हा अंगरखा घातलेले सगळे आयन जवळपास सारखेच दिसतात, म्हणून सपाट पृष्ठ लँथॅनम आणि इटर्बियममध्ये फारसा भेद करत नाही. शिवाय ही पकड सैल असते. मीठ वाढवलं की आयन सुटतो.

कडेला थर तुटलेला असतो. तिथे सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियमला हायड्रॉक्सिल गट लटकलेले असतात. कमी पीएचला त्यांच्यावर प्रोटॉन बसलेला असतो. पीएच वाढत गेला की प्रोटॉन निघून जातो आणि जागा मोकळी होते. इथे रेअर अर्थ आयन पाण्याचे काही रेणू सोडून ऑक्सिजनशी थेट बंध करतो. ही पकड घट्ट. नुसत्या मिठाने सुटत नाही, आम्ल लागतं. इथे भेदही होतो. लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंत आयनाची त्रिज्या कमी होत जाते (सहा शेजारी धरले तर १.०३ अँगस्ट्रॉमवरून ०.८६), त्यामुळे जड आयन ऑक्सिजनला जास्त जोरात ओढतात आणि कडेवर आधी बसतात.

आता हिशेब, कारण प्रयोगाची अर्धी चूक इथेच होते. शुद्ध स्मेक्टाइटची सीईसी (धन आयन अदलाबदलीची क्षमता) १०० ग्रॅमला ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट असते. आपण ग्रॅमला ०.९ धरू. तीन भारांच्या आयनासाठी तीनने भागलं की ०.३ मिलिमोल, म्हणजे लँथॅनमचे सुमारे ४२ मिलिग्रॅम. एक ग्रॅम क्लेच्या सपाट पृष्ठावर जास्तीत जास्त एवढा माल मावतो. कडेवरच्या घट्ट पकडीच्या जागा मात्र किलोला साधारण २ मिलिमोल, म्हणजे सपाट पृष्ठाच्या जागांच्या शंभराव्या हिश्श्यापेक्षाही कमी. त्यांच्या जोडीला कडेवरच्याच मध्यम पकडीच्या जागा त्यांच्या कित्येक पट. लिटरमध्ये १ ग्रॅम क्ले घेतली तर घट्ट जागा फक्त २ मायक्रोमोल. तुम्ही १०० मायक्रोमोल लँथॅनम ओतला की त्या लगेच भरतात आणि त्यांचा वेगळा परिणाम आलेखात दिसतच नाही. कड पाहायची असेल तर एकूण रेअर अर्थ १ मायक्रोमोलच्या आसपास ठेवा. लँथॅनम, निओडिमियम, युरोपियम, इटर्बियम प्रत्येकी ०.२५ मायक्रोमोल हे मिश्रण चांगलं, पण मोजायला आयसीपी-एमएस (अत्यल्प प्रमाणातली मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) हवं. ते नसेल तर एकटा लँथॅनम २० मायक्रोमोल घ्या, म्हणजे लिटरला २.८ मिलिग्रॅम, आणि घट्ट जागांबद्दल काही बोलू नका.

नमुना कुठून घ्यायचा हेही बेफिकिरीने ठरवू नये. उसाच्या शेतातली वरची वीतभर माती घेतली तर तिच्यात खतातला फॉस्फेट असतो, आणि फॉस्फेट रेअर अर्थला अविद्राव्य करून खाली बसवतो. स्फुरदखतांत मूळ खडकातून आलेले रेअर अर्थही थोडे असतातच. खोलवरचा नमुना घ्यायला जावं, तर उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची माती त्यांत घसरते आणि पावसाळ्यात आत मिसळून जाते. त्यामुळे काळ्या जमिनीत ‘६० सेंटिमीटरचा थर’ असा स्वच्छ मिळत नाही. पडीक रानातली ताजी खोदाई किंवा विहिरीचं चालू काम गाठावं, पृष्ठभाग हातभर खरवडून टाकावा आणि चुनखडीचा थर लागायच्या वर थांबावं. जमीन वापशावर असताना नमुना घेतला तर ढेकळं हातानेच फुटतात. वाळून दगड झालेलं ढेकूळ लोखंडी खलबत्त्यात कुटू नका, लोखंड त्यात उतरतं. चोपण जमिनीचा नमुना वेगळा ठेवा, तिच्यातली क्ले आधीच सोडियमने भरलेली असते आणि धुताना वेगळी वागते.

चुनखडी काढणं ही सोलापूरच्या मातीसाठी सगळ्यांत महत्त्वाची पायरी. कॅल्साइट (चुनखडीचं खनिज) राहिलं तर निलंबनाचा, म्हणजे पाण्यात ढवळलेल्या मातीचा, पीएच ८ च्या आसपास जाऊन बसतो, विरघळलेला कॅल्शियम सपाट पृष्ठासाठी स्पर्धा करतो, आणि कार्बोनेट रेअर अर्थला द्रावणात बांधून ठेवतं. बऱ्याच जणांना फेस यायचा थांबेपर्यंत हायड्रोक्लोरिक आम्ल ओतण्याची सवय असते. तसं करू नका. तीव्र आम्ल कडेवरून आत शिरून थरातलं अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम बाहेर काढतं, आणि जी कड तुम्हाला मोजायची तीच खराब होते. सोडियम अ‍ॅसिटेटचं १ मोलर, पीएच ५ चं बफर वापरा. किती, तेही काढा. २० ग्रॅम मातीत १० टक्के चुना धरला तर तो २ ग्रॅम, म्हणजे ०.०२ मोल, त्याला ०.०४ मोल आम्ल लागेल. या बफरमध्ये वापरता येण्याजोगं आम्ल लिटरला सुमारे ०.३६ मोल. म्हणजे ११० मिलिलिटरमध्ये हिशेब कागदावर जेमतेम बसतो, पण तोवर बफरचा पीएच केव्हाच चढलेला असतो. म्हणून १०० मिलिलिटरच्या तीन फेऱ्या, कोमट पाण्यात ठेवून, आणि प्रत्येक फेरीनंतर पीएच बघायचा. तो ५ च्या जवळच राहिला की चुना संपला.

सेंद्रिय पदार्थासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड १० टक्के करून, ५-५ मिलिलिटर, मोठ्या बीकरमध्ये. काळ्या मातीतल्या मँगनीज ऑक्साइडमुळे ते अचानक उकळी फुटल्यासारखं वर येतं.

लोहाची ऑक्साइडं काढायची प्रचलित रीत म्हणजे सोडियम सायट्रेट, बायकार्बोनेट आणि डायथायोनाइट, ७५ ते ८० अंशांवर. इथे दोन धोके आहेत. सायट्रेट रेअर अर्थला घट्ट पकडतं. धुताना थोडं जरी मागे राहिलं तरी पुढे अधिशोषण खोटंच कमी दिसतं. दुसरा धोका खास आपल्या मातीचा. बेसॉल्टपासून आलेल्या स्मेक्टाइटच्या थरातच लोह असतं, आणि डायथायोनाइट त्या लोहाचंही क्षपण करून थराचा भार बदलतं. माझं मत असं की अर्ध्या नमुन्यावर ही प्रक्रिया करावी, अर्ध्यावर करू नये, आणि दोन्ही आलेख शेजारी मांडावेत. सिरियमचं वागणं इथे चांगला पुरावा देतं. मँगनीज ऑक्साइडवर सिरियमचा भार ३ चा ४ होतो आणि ते बाकीच्यांपेक्षा जास्त धरलं जातं. प्रक्रिया न केलेल्या मातीत सिरियम शेजाऱ्यांपासून वेगळं पडलं आणि केलेल्या मातीत सरळ झालं, तर ती करणी ऑक्साइडची होती, क्लेची नव्हे.

क्ले वेगळी करताना मातीपरीक्षणाच्या सवयीने सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट टाकलं जातं. या कामात ते विष आहे. फॉस्फेट नेमकं कडेलाच चिकटतं. त्याऐवजी १ मोलर सोडियम क्लोराइडने तीनदा भरून घ्या आणि मग शुद्ध पाण्याने धूत राहा. मीठ कमी होत गेलं की एका टप्प्यावर सेंट्रिफ्यूज करूनही वरचं पाणी गढूळच राहतं. काही बिघडलं असं समजून घाबरू नका, थर सुटे झाल्याची ती खूण आहे. तिथून पुढे डायलिसिसच्या पिशवीत घाला आणि बाहेरच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटने पांढरेपणा येईनासा होईपर्यंत पाणी बदला. पाणी डिआयनाइज्डच घ्या. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचा एक हात फिरला तरी सोडियमची क्ले पुन्हा कॅल्शियमची होते.

मग २ मायक्रॉनखालचे कण. पुस्तकातलं कोष्टक २० अंशांचं असतं: १० सेंटिमीटर खोलीसाठी सुमारे पावणेआठ तास. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये एसी नसलेल्या खोलीत पाणी सहज ४० अंशांवर असतं. ४० अंशांना पाण्याची श्यानता (वाहण्याला होणारा विरोध) २० अंशांच्या पासष्ट टक्केच उरते, म्हणून तोच कण जेमतेम पाच तासांत तेवढा खाली जातो. ३० अंशांना सव्वासहाच्या आत. कोष्टकातले पावणेआठ तास थांबलात तर मधल्या आकाराचे कण गमावता आणि फक्त अतिसूक्ष्म क्ले हातात येते, जिची कड जास्त. निष्कर्ष फुगतो. जार भिंतीपासून दूर ठेवा, एका बाजूने ऊन लागलं तरी आत प्रवाह सुरू होतात.

मिळालेली क्ले १०५ अंशांना वाळवू नका. तिचे खडे होतात आणि पुन्हा पाण्यात पूर्ण सुटत नाहीत. निलंबनच फ्रीजमध्ये ठेवा आणि त्यातले ५ मिलिलिटर वाळवून, वजन करून घनभाग काढा. थोडी क्ले काचेवर पसरून एक्स-रे विवर्तन करून घ्या. सोडियम रूपात साधारण १२.५ अँगस्ट्रॉमची रेषा एथिलीन ग्लायकॉलने १७ वर गेली की स्मेक्टाइट पक्कं. ७.२ ची रेषा बहुधा केओलिनाइटची. आणि ९ च्या आसपास न हलणारी रेषा दिसली तर ती हलक्यात घेऊ नका: दख्खनच्या बेसॉल्टमधलं झिओलाइट, ह्यूलँडाइट, मातीतही उतरलेलं असतं. त्यालाही स्वतःची विनिमय क्षमता असते.

अधिशोषणाचा मुख्य प्रयोग दोन मिठांत करायचा: सोडियम क्लोराइड ०.०१ मोलर आणि ०.५ मोलर. ५० मिलिलिटरच्या पॉलिप्रॉपिलीन नळीत ४० मिलिलिटर, क्ले लिटरला १ ग्रॅम, पीएच ३ ते ८ अर्ध्या-अर्ध्या पायरीने. काचेची भांडी नकोत, पीएच ६ च्या वर काचेची भिंतच रेअर अर्थ धरते. क्ले मिठात रात्रभर मुरू द्या, मग रेअर अर्थ टाका. मूळ द्रावण लिटरला ०.४३३ ग्रॅम लँथॅनम नायट्रेट हेक्झाहायड्रेट घालून १ मिलिमोलरचं होतं. ते थोडं आम्लधर्मी ठेवलेलं असतं, म्हणून टाकल्यावर पीएच खाली येणारच.

पीएच बसवणं हेच या प्रयोगातलं सगळ्यांत कष्टाचं काम. अ‍ॅसिटेट किंवा फॉस्फेटचं बफर चालत नाही, दोन्ही रेअर अर्थला धरतात. ०.०१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने, नळी हलती ठेवून. एकदम मोठा थेंब पडला की त्या जागी क्षणभर पीएच १० होतो, हायड्रॉक्साइडचे कण तयार होतात आणि ते सगळे परत विरघळतीलच असं नाही. अल्कली ताजी हवी. जुन्या बाटलीत हवेतला कार्बन डायऑक्साइड शिरून कार्बोनेट झालेलं असतं. २ तास, ६ तास आणि २० तासांनी पुन्हा तपासा. पीएच मीटरचा इलेक्ट्रोड नळीत फार वेळ बुडवून ठेवू नका, त्यातून पोटॅशियम क्लोराइड झिरपतं आणि पोटॅशियम थरांमधे जाऊन बसतं. कॅलिब्रेशनचे बफर त्याच खोलीच्या तापमानावर आणा.

सपाट पृष्ठावरचा विनिमय काही मिनिटांत उरकतो, कडेला तास लागतात. २४ तास शेकरवर पुरेत. शेकरची मोटर स्वतः तापते, म्हणून नळ्यांजवळचं तापमान लिहून ठेवा, कारण कडेवरचं अधिशोषण बहुधा उष्णतेने वाढतं. पीएच ३ च्या नळ्या आठवडाभर ठेवू नका. क्ले विरघळून अ‍ॅल्युमिनियम सुटतं आणि तेही तीन भारांचं असल्याने जागा बळकावतं.

वेगळं करताना नुसता ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर पुरत नाही. स्मेक्टाइटचे कण त्यातून निघून जातात, त्यांच्या अंगावरचा रेअर अर्थ ‘द्रावणातला’ म्हणून मोजला जातो आणि अधिशोषण कमी दिसतं. कमी मिठाच्या नळ्यांत हा घोळ जास्त, कारण तिथे कण एकमेकांना चिकटत नाहीत. सेंट्रिफ्यूज १०,००० आरपीएमवर अर्धा तास, मग ०.२ मायक्रॉनचा फिल्टर, पहिले ५ मिलिलिटर फेकून. गाळलेल्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम आणि सिलिकॉन मोजा. दोन्ही क्लेच्याच प्रमाणात एकत्र वाढलेले दिसले तर क्ले गळून आली आहे. गाळलेलं लगेच २ टक्के नायट्रिक आम्लात.

मोजणीत आयसीपी-एमएसवर ०.५ मोलरचं मीठ वीसपट सौम्य करावं लागतं. मातीतलं बेरियम ऑक्साइड होऊन युरोपियमच्या दोन्ही वस्तुमानांवर, १५१ आणि १५३ वर, येऊन बसतं, त्यामुळे युरोपियम अवाजवी जास्त दिसलं तर आधी बेरियम तपासा. आयसीपी-एमएस नसलेल्या ठिकाणी आर्सेनाझो ३ चांगलं काम देतं: ५ मिलिलिटर नमुना, ०.०५ टक्के रंगद्रव्य १ मिलिलिटर, पीएच २.८ च्या फॉर्मेट बफरने १० मिलिलिटर, ६५० नॅनोमीटर. लोह त्रास देतं, चिमूटभर अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घाला. तुलनेच्या मानक द्रावणांतही तेवढंच मीठ हवं.

प्रत्येक पीएचला क्लेशिवायची एक नळी ठेवाच. तिथला रेअर अर्थ कमी झाला तर तो अवक्षेप किंवा नळीची भिंत, अधिशोषण नव्हे. नळ्या रिकाम्या केल्यावर २ टक्के नायट्रिकने विसळून ते पाणीही मोजा. हे काम कंटाळवाणं आहे, पण याशिवाय पीएच ७ च्या वरच्या एकाही बिंदूवर विश्वास ठेवता येत नाही.

आलेख असे दिसायला हवेत. ०.०१ मोलरला पीएच ४ लाच बहुतेक रेअर अर्थ धरला गेलेला, रेषा जवळपास आडवी, चारही मूलद्रव्यं एकमेकांवर: हे सपाट पृष्ठ. ०.५ मोलरला सोडियमने ती जागा अडवलेली, म्हणून पीएच ४ ला फारसं काही नाही. साडेपाचपासून सातपर्यंत रेषा उभी चढते आणि इटर्बियम लँथॅनमच्या आधी चढतं: ही कड. दोन्ही मिठांत रेषा सारखीच आली, तर मिठाचं प्रमाण खरंच वेगळं होतं का, फॉस्फेट किंवा ऑक्साइड शिल्लक आहे का, हे आधी पाहा.

वितरण गुणांक (क्लेवर धरलेलं आणि द्रावणात उरलेलं यांचं गुणोत्तर) काढताना एक भान ठेवा. १ मिलिग्रॅममधले ०.०५ द्रावणात उरले, तर ग्रॅमला १९,००० मिलिलिटर येतो. ०.००१ उरले तर जवळपास दहा लाख, पण ०.००१ हा तुमच्या ब्लँकचाच (रेअर अर्थ न घातलेल्या नमुन्याचा) आकडा असेल तर तो गुणांक क्लेचा नाही, ब्लँकचा आहे. आणि लँगम्युअरची रेषा (सगळ्या जागा एकसारख्या धरणारं समीकरण) ०.९९ ने बसली म्हणून सगळ्या जागा एकसारख्या आहेत असं सिद्ध होत नाही. दोन प्रकारच्या जागांची बेरीजही मोजक्या बिंदूंवर छान बसते.

यानंतर सुटण्याची चाचणी. भरलेल्या क्लेवर १ मोलर अमोनियम क्लोराइड, तासभर, दोनदा. ०.०१ मोलर, पीएच ४ ला भरलेली क्ले जवळपास सगळं परत देते, ०.५ मोलर, पीएच ७ ला भरलेली क्ले बरंचसं धरून ठेवते आणि सौम्य आम्लालाच दाद देते.

दक्षिण चीनमधल्या जियांग्शी प्रांतातल्या रेअर अर्थ खाणी याच पहिल्या प्रकारच्या पकडीवर चालतात. १९६९ मध्ये सापडलेल्या त्या साठ्यांत साधारण ०.०५ ते ०.२ टक्के रेअर अर्थ ऑक्साइड असतं आणि अमोनियम सल्फेटच्या सौम्य द्रावणाने ते सुटतं. गंमत म्हणजे तिथली क्ले केओलिनाइट आणि हॅलॉयसाइट आहे. केओलिनाइटची सीईसी १०० ग्रॅमला ३ ते १५, म्हणजे आपल्या क्लेच्या तुलनेत नगण्य. पण तिथे खडक ग्रॅनाइट, पाऊस धो-धो, माती आम्लधर्मी. खडकातल्या खनिजांतून सुटलेला रेअर अर्थ पाण्याबरोबर खाली येतो आणि सैल पकडीत बसतो. सोलापुरात पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, माती पीएच ८ ची, चुन्याने भरलेली, मूळ खडकात रेअर अर्थ बेताचा. सपाट पृष्ठावरच्या सगळ्या जागा कॅल्शियम-मॅग्नेशियमने घेतलेल्या. जो काही रेअर अर्थ आहे तो ऑक्साइड, फॉस्फेट आणि कडेशी जखडलेला, जिथे अमोनियमचा हात पोचत नाही.

तरी कोणाला काळ्या मातीचा स्तंभ भरून अमोनियम सल्फेट सोडून पाहायचं असेल, तर दोन गोष्टी आधीच ठाऊक असू द्याव्यात. कच्ची माती तशीच भरली की भिजून फुगते आणि खालून थेंब येणं बंद होतं. वजनाने १ भाग माती आणि ९ भाग आम्लाने धुतलेली वाळू घ्यावी लागते. आणि क्लेवरून सुटलेला कॅल्शियम सल्फेटशी जुळून स्तंभातच जिप्सम होतो. त्यासाठी अमोनियम क्लोराइड बरं.